रानात दोन रात्री, सोबत कुत्रा

लेकीच्या बाळंतपणासाठी, नातवंडं सांभाळायला, नाहीतर नुसतंच मुलाचं घर बघायला आपल्या वस्त्यांतले आई-बाबा आता अमेरिकेला जाऊ लागले आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करून मोठी झालेली मुलं न्यू जर्सीत, टेक्सासात नोकरी करतात आणि उन्हाळ्यात आई-बाबांना पाच-सहा महिन्यांसाठी बोलावून घेतात. जाण्याची तयारी बहुतेक घरांत सारखीच असते. मसाले, चटण्या, बीपी-शुगरच्या गोळ्या, एक जाड स्वेटर. तिथल्या रानात राहण्याची तयारी कुणी करत नाही, कारण रानात जायचं आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि जायचं तर असतं. शुक्रवारी संध्याकाळी मुलगा दारात एक भलीमोठी गाडी आणून उभी करतो आणि म्हणतो, "आई, आवर. दोन रात्री स्टेट पार्कात राहायचं आहे." या गाडीला कॅम्पर म्हणतात. चाकांवरची खोलीच म्हणा ना. आत झोपायला गाद्या, दोन चुलींचा गॅस, लहान फ्रिज, संडास, पाण्याची टाकी. स्टेट पार्क म्हणजे त्या त्या राज्य सरकारने राखलेलं रान, तलाव किंवा धबधब्याची जागा. तिथे ठरावीक पैसे भरून गाडी लावायला आखलेली जागा मिळते, जवळ नळ असतो, काही ठिकाणी विजेची जोडणीही असते. घरात कुत्रा असेल तर तोही सोबत येतो. आपल्याकडे कुत्रा गल्लीचा असतो. तिकडे तो घरातला असतो, सोफ्यावर बसतो, नातवाच्या अंथरुणात झोपतो. सहलीच्या आरोग्याची अर्धी गोष्ट याच एका वाक्यात आहे. जो प्राणी दिवसभर गवतात लोळतो, डबक्यात तोंड घालतो, तोच रात्री तुमच्या पांघरुणात असतो.

उदाहरणादाखल न्यूयॉर्क राज्यातलं वॉटकिन्स ग्लेन हे स्टेट पार्क घेऊ. उत्तर न्यू जर्सीहून गाडीने चारेक तासांवर आहे आणि तिथली आपली मंडळी नायगाराला जाता-येता इथे थांबतात. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना उभे कडे, दोन मैलांत १९ धबधबे. दरीतून वर जाणाऱ्या वाटेवर आठशेहून जास्त दगडी पायऱ्या आहेत आणि त्या बहुतेक ओल्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि छातीचा त्रास असलेल्यांनी हा आकडा आधीच ऐकून ठेवावा. मुलं उत्साहात सांगत नाहीत.

या दरीतल्या वाटेवर कुत्र्याला बंदी आहे. कड्यावरच्या वाटांवर त्याला नेता येतं, पण सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्याला बांधून. म्हणजे सगळं घर धबधबा बघायला निघालं की प्रश्न उभा राहतो, कुत्र्याचं काय? सोपं उत्तर असतं, "राहू दे गाडीत, तासाभराचं तर काम आहे." नेमका तोच तास घात करतो. बाहेर २२ अंशांची सुखद हवा असली तरी उन्हात उभ्या, काचा लावलेल्या गाडीत तासाभरात पारा चाळिशीच्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि आतली हवाच तापली की धापा टाकूनही उपयोग होत नाही. कॅम्परमध्ये एसी चालू ठेवून जावं म्हटलं, तर वीज गेली की तो बंद. उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत प्राण्याला असं बंद गाडीत सोडणं हा न्यूयॉर्क राज्यात गुन्हाही आहे. त्यापेक्षा पाळी लावा. दोघं वर जातील, दोघं कुत्र्याजवळ सावलीत बसतील. पायऱ्या चढवत नाहीत अशा आजी-आजोबांना हे काम आनंदाने घेता येतं, फक्त कुत्रा जोरकस असेल तर त्याचा पट्टा हाताला गुंडाळू नका. खारीमागे धावताना त्याने झटका दिला की मनगट मोडतं किंवा माणूस पडतो, आणि साठीनंतरचं पडणं किती महागात जातं ते आपल्याला ठाऊक आहे.

खसखशीएवढा शत्रू

आता मुख्य विषय. गोचीड आपल्याला नवी नाही. गावाकडे बैलाच्या कानामागे, म्हशीच्या कासेला आपण ती पाहिली आहे. पण अमेरिकेच्या ईशान्य भागात काळ्या पायांची जी गोचीड असते, तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. मे ते जुलै या काळात ही पिल्लं सर्वांत जास्त सक्रिय असतात, आणि आई-बाबांच्या मुक्कामाचे महिनेही तेच. गवताच्या टोकाला, पालापाचोळ्यात ती बसलेली असते. कुत्रा किंवा माणूस घासून गेला की अंगावर चढते. चावताना कळत नाही.

तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात १९७०च्या दशकात तो ओळखला गेला, म्हणून हे नाव. लिंबाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाप्रमाणे तिथे वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर या आजाराचे उपचार होतात. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत बहुतेकांच्या अंगावर एक चट्टा उठतो आणि हळूहळू पसरत जातो. कधी मध्ये लाल, मग फिकट, मग पुन्हा लाल कडा, नेमबाजीच्या फळीसारखा. सावळ्या-काळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट किंवा नुसता काळसर दिसू शकतो. आपल्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण डॉक्टरी पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. सोबत ताप, अंगदुखी, थकवा. वेळेत ओळखलं तर डॉक्सीसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. दुर्लक्ष झालं तर सांधे सुजतात, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे गोचीड चावल्या चावल्या हा जंतू अंगात शिरत नाही. साधारणपणे चोवीस तासांहून जास्त ती चिकटून राहावी लागते. म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासणं हाच खरा इलाज. कॅम्परमधल्या बारक्या दिव्याखाली लाज वाटते हे खरं, पण नवरा-बायकोने एकमेकांचं, आईने लेकरांचं अंग बघावं. काखा, जांघा, गुडघ्यामागे, बेंबी, कानामागे, केसांत. बायकांनी वेणी सोडून मान बघून घ्यावी. मग कुत्रा. त्याचे कान, पट्ट्याखालची मान, बोटांमधल्या फटी, शेपटीचं मूळ. बोटं उलट्या दिशेने केसांतून फिरवली की बारीक गाठ हाताला लागते. हे काम त्याला गाडीत घेण्याआधी करायचं. गादीवर घेतल्यावर केलं तर उशीर झालेला असतो.

चिकटलेली गोचीड दिसली तर आपल्याकडचे जुने उपाय विसरा. रॉकेल, तेल, व्हॅसलिन, पेटती उदबत्ती, काही नको. त्रास झाला की ती आणखी लाळ आत सोडते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची आणि न पिळता, न वळवता सरळ वर ओढायची. जागा साबणाने धुवायची. गोचीड बोटाने चिरडायची नाही, छोट्या पिशवीत बंद करून ठेवायची, तारीख लिहायची. डॉक्टरला दाखवता येते. काही वेळा तिथले डॉक्टर ७२ तासांच्या आत औषधाची एकच मात्रा देऊन आजार टाळतात.

साडी किंवा सैल सलवारीपेक्षा या दोन दिवसांसाठी पॅन्ट घालावी आणि तिचे पाय मोज्यात खोचावेत. दिसायला विनोदी दिसतं, दिसू दे. फिकट रंगाचे कपडे असले की गोचीड चटकन दिसते. डीट असलेलं मलम माणसाच्या उघड्या अंगाला लावायचं, कुत्र्याला मात्र ते लावायचं नाही. तो चाटतो आणि विषबाधा होते. कुत्र्यासाठी प्राण्यांच्या डॉक्टरने दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध सहलीच्या आधीच द्यावं लागतं. कुत्र्यांसाठी लाइमची लस आहे. माणसांसाठी आज बाजारात नाही.

रॅबीजचा कागद

न्यूयॉर्कच्या पार्कात कर्मचाऱ्याने मागितल्यास कुत्र्याला रॅबीजची लस दिल्याचा दाखला दाखवावा लागतो. मुलं तो फोनमध्ये ठेवतात. आई-बाबांना हा सोपस्कार वाटतो, "घरातला कुत्रा आहे, त्याला काय होणार?" अमेरिकेत कुत्र्याकडून कुत्र्याकडे पसरणारा रॅबीज २००७ साली संपल्याचं जाहीर झालं, ते याच कागदाच्या जोरावर. पिढ्यान् पिढ्या कुत्र्यांना लस टोचली गेली म्हणून. पण रानातला रॅबीज आहे. वटवाघूळ, स्कंक, कोल्हा आणि रॅकून या प्राण्यांत तो राहतो. रॅकून म्हणजे डोळ्यांवर काळा पट्टा असलेला, मांजराहून मोठा, हाताने झाकणं उघडणारा प्राणी. रात्री तो उष्ट्याच्या वासाने येतो. कुत्र्याचं भांडं बाहेर राहिलं की रॅकून त्यावर येणार, कुत्रा त्याच्यावर धावणार, आणि मग ओरबाडा कुणाला लागला हे अंधारात कळायचं नाही. झोपण्याआधी आपलं आणि कुत्र्याचं, दोघांचंही खाणं आत घ्या.

वटवाघळाचं तर आणखी कठीण. त्याचे दात इतके बारीक की चावल्याची खूण दिसतही नाही. सकाळी जाग आल्यावर गाडीच्या आत वटवाघूळ दिसलं, तर "काही लागलं नाही" म्हणून हाकलून देऊ नका. हात न लावता त्याला बंद करून आरोग्य खात्याला कळवायचं असतं. ते त्याची तपासणी करतात आणि लस हवी की नको ते सांगतात. कुठल्याही प्राण्याचा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट नाही. हा नियम वॉटकिन्स ग्लेनमध्ये जो, तोच आपल्या गल्लीत.

फरक खर्चाचा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. तिकडे पूर्ण उपचाराला काही हजार डॉलर लागू शकतात, आणि पाहुण्या आई-बाबांचा विमा नसला तर मुलाच्या तोंडाचं पाणी पळतं. म्हणून विमा काढल्याशिवाय विमानात बसू नये. जुन्या आजारांना अशा विम्यातून बहुधा वगळलेलं असतं, तेही वाचून घ्यावं. ज्यांनी आधी कधी कुत्रा चावल्यावर लसीचा पूर्ण कोर्स केला आहे त्यांनी तो कागद सोबत न्यावा, कारण त्यांना पुढच्या वेळी कमी डोस पुरतात.

पाणी, धूर आणि टाकी

वॉटकिन्स ग्लेनच्या पायथ्याशी सेनेका नावाचा मोठा तलाव आहे. अलीकडच्या वर्षांत या भागातल्या तलावांत उन्हाळ्याअखेर निळं-हिरवं शेवाळ वाढल्याच्या सूचना लागतात. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखं किंवा वाटाण्याच्या सारासारखं दिसतं. माणसाला त्याने पुरळ, उलट्या होतात. कुत्रा मात्र ते पाणी पितो, बाहेर येऊन अंग चाटतो आणि काही तासांत मरूही शकतो. तसं पाणी दिसलं की पट्टा आखूड धरायचा. साचलेल्या डबक्यांतून लेप्टोही होतो, जो मुंबईच्या वस्त्यांनी २००५च्या पुरानंतर चांगलाच अनुभवला. कुत्र्याच्या लघवीतून तो पसरतो. कुत्र्याला त्याची लस देता येते, पण पायाला जखम असलेल्या माणसाने, खास करून मधुमेही माणसाने, अशा पाण्यात पाय घालू नयेत.

तिथे पॉयझन आयव्ही नावाची तीन-तीन पानांची वेल असते. तिचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, खाज थांबत नाही. कुत्र्याला सहसा काही होत नाही, कारण केसांमुळे त्याची कातडी वाचते. पण ते तेल केसांवर राहतं आणि त्याला कुरवाळणाऱ्या आजीच्या हाताला लागतं. झाडीतून आलेल्या कुत्र्याला आधी हातमोजे घालून साबणाने धुवा, लाड नंतर.

रात्री थंडी वाजली म्हणून गाडीतला गॅस पेटवून ठेवणं, कोळशाची शेगडी आत घेणं, जनरेटर खिडकीखाली चालवणं, यातलं काहीही करायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, कुत्राही सुस्त पडला, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, कारण शोधायचं ते नंतर. कॅम्परमध्ये या वायूचा भोंगा असतो. भाड्याची गाडी ताब्यात घेताना मुलाला त्याचं बटण दाबून बघायला सांगा. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं, गॅस गिझरच्या न्हाणीघरात सापडलेली माणसं याच वायूने जातात.

आता संडासाच्या टाकीविषयी. कॅम्परमध्ये सांडपाण्याची एक टाकी आणि मैल्याची दुसरी, अशा दोन असतात. परत निघताना त्या ठरलेल्या जागी नळी लावून रिकाम्या कराव्या लागतात. हे काम तिथे ज्याची गाडी तोच करतो. इंजिनीअर असो, डॉक्टर असो, न्यायाधीश असो, हातमोजे चढवतो, नळी जोडतो, आधी मैल्याची टाकी सोडतो, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी धुतली जाते. रांगेत मागे उभा असलेला माणूस त्याची जात विचारत नाही. हाताने मैला साफ करवून घेण्यावर आपल्या देशात २०१३ साली कायदा झाला, तरी गटारात उतरून माणसं मरतात. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या बापाला काय वाटत असेल, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. आरोग्याच्या दृष्टीने इतकंच, की हातमोजे टाकून द्यावेत, कोपरापर्यंत हात धुवावेत आणि पिण्याच्या पाण्याची नळी त्या नळीजवळ कधीही ठेवू नये. कुत्र्याची विष्ठाही पिशवीत भरून कचऱ्यात टाकायची. त्यातल्या जंतांची अंडी मातीत राहतात आणि अनवाणी खेळणाऱ्या लेकरांना लागतात.

परत आल्यावर

दोन रात्री मजेत जातात. शेकोटी होते, मक्याची कणसं भाजली जातात, दहानंतर शांतता पाळायची असते म्हणून गप्पाही हळू आवाजात होतात. मग घरी येऊन कपडे आधी ड्रायरमध्ये कडक आचेवर दहा मिनिटं फिरवा, मग धुवा. त्याने लपलेल्या गोचिड्या मरतात. नुसत्या धुण्याने मरत नाहीत.

खरी अडचण पुढे येते. मुक्काम संपतो, आई-बाबा विमानाने मुंबईला, नागपूरला परततात, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो. पावसाळा सुरू असतो. गल्लीतला डॉक्टर मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड बघतो, आणि ते बरोबरच आहे. लाइम त्याच्या मनात येणार नाही, कारण त्याने तो कधी पाहिलेला नसतो. त्याच गोचिडीतून बाबेसिया नावाचा आणखी एक परजीवी येतो. तो रक्ताच्या तांबड्या पेशींत राहतो आणि काचपट्टीवर मलेरियासारखाच दिसू शकतो. मलेरियाच्या गोळ्या घेऊनही ताप उतरत नसेल तर डॉक्टरला हे सांगणं रुग्णाच्याच हातात असतं. गोचीड-तापाची नुसती शंका आपल्या डॉक्टरांना परकी नाही. सिंधुदुर्गात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती, तोही गोचिडीतूनच पसरतो.

म्हणून तपासायला गेलात की पहिलं वाक्य तापाचं नको. आधी सांगा, "डॉक्टर, मी अमेरिकेत होतो. अमुक तारखेला न्यूयॉर्क राज्यातल्या रानात दोन रात्री राहिलो. सोबत कुत्रा होता. गोचीड चावल्याचं आठवत नाही, पण चावली असू शकते." अंगावर चट्टा उठला असेल तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, कारण दवाखान्यात जाईपर्यंत तो फिकट होतो. चावलेली गोचीड सापडली असेल तर तिचा फोटो आणि तारीख मुलाकडून मागवून घ्या. अमेरिकेहून निघतानाच हे एका कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्यात ठेवलेलं बरं. तापात माणसाला तारखा आठवत नाहीत.